बाल सुरक्षा आसन

बाल सुरक्षा आसन (प्रचलित नाव चाइल्ड सीट किंवा कार सीट) म्हणजे मोटारगाडीच्या अपघातात लहान मुलाचे इजेपासून रक्षण करण्यासाठी बनवलेले स्वतंत्र आसन होय. गाडीतील सीटबेल्ट प्रौढांच्या शरीरमानाला अनुसरून बसवलेला असतो. लहान मुलाच्या बाबतीत तो खांद्याऐवजी गळ्यावर आणि कमरेऐवजी पोटावर येतो. ही उणीव बाल सुरक्षा आसन भरून काढते.

आवश्यकता

आईच्या मांडीवर मूल सुरक्षित असते, ही समजूत गाडीच्या प्रवासात खरी ठरत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर हा सारा प्रकार सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात घडतो. १० किलो वजनाच्या बाळाला तेवढ्या वेळात थोपवण्यासाठी सुमारे २०० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. एवढे बळ कोणाच्याही हातांत नसते. मांडीवरील मुलासह एकच पट्टा लावणे अधिक घातक असते, कारण धडकेच्या वेळी प्रौढाचा भार मुलावर येतो.

नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एक-चतुर्थांश असते आणि मानेचे स्नायू व अस्थिबंध दुबळे असतात. समोरून धडक बसल्यास डोके पुढे फेकले जाऊन मानेवर मोठा ताण येतो. पाठमोऱ्या आसनात डोके, मान व पाठ यांना एकाच वेळी आधार मिळतो आणि आघात विभागला जातो.

इतिहास

स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात पाठमोऱ्या आसनाची कल्पना मांडली. उड्डाणाच्या वेळी अंतराळवीरांच्या पाठीवर भार विभागणारी आसने पाहून त्यांना ती सुचली होती. व्होल्वो कंपनीने १९६४ मध्ये अशा आसनाच्या नमुन्याची चाचणी घेतली. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९७८ मध्ये अशा आसनांविषयीचा कायदा लागू झाला. त्या देशातील तो पहिला कायदा होता.

प्रकार

• पाठमोरे आसन : नवजात बाळापासून पुढे. बाळाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस असते.
• समोर तोंड असलेले आसन : यात पाच ठिकाणी बांधलेल्या पट्ट्यांनी मुलाला आवळून धरलेले असते.
• परिवर्तनीय आसन : प्रथम पाठमोरे व नंतर समोर तोंड करून वापरता येते.
• बूस्टर : मुलाला उंच बसवणारे आसन. यामुळे गाडीचाच पट्टा योग्य जागी येतो.

निवड

आसनाची निवड वयापेक्षा मुलाचे वजन व उंची पाहून करावी लागते. युरोपीय प्रमाणक आर-१२९ नुसार किमान १५ महिन्यांपर्यंत पाठमोरे आसन आवश्यक आहे. मात्र उत्पादकाने दिलेली वजनाची वा उंचीची मर्यादा गाठेपर्यंत मूल पाठमोरेच बसवावे, असे बालरोगतज्ज्ञ सुचवतात. पाय दुमडावे लागतात म्हणून पालक आसन लवकर फिरवतात. वस्तुतः पाय दुमडल्याने धोका वाढत नाही, मानेची दुखापत मात्र प्राणघातक ठरू शकते. बूस्टरची गरज साधारणतः १३५ ते १५० सेंटिमीटर उंची होईपर्यंत असते.

आसनावर प्रमाणकाची खूण असावी आणि ते आपल्या गाडीत नीट बसते का, हे खरेदीपूर्वी पाहावे. अपघातात सापडलेले किंवा पूर्वेतिहास ठाऊक नसलेले जुने आसन वापरू नये.

वापर

• पुढील सीटसमोरची एअरबॅग चालू असताना तेथे पाठमोरे आसन कधीही ठेवू नये. उघडणारी एअरबॅग आसनावर आदळून बाळाचा मृत्यू होऊ शकतो. मागील सीट सर्वांत योग्य.
• आसन गाडीच्या पट्ट्याने किंवा आयसोफिक्स या धातूच्या अडकवण्यांनी घट्ट बसवावे. बसवल्यावर ते तळाशी २.५ सेंटिमीटरपेक्षा अधिक हलू नये.
• पाठमोऱ्या आसनात खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीत किंवा किंचित खाली, तर समोर तोंड असलेल्या आसनात पातळीत किंवा किंचित वर असावेत.
• पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरता येत असेल, तर तो सैल आहे असे समजावे.
• जाड स्वेटर वा दुलई पट्ट्याखाली नसावी. ती दबून पट्टा सैल पडतो. पट्टा आवळल्यानंतर वरून पांघरूण घालता येते.
• बूस्टर वापरताना कमरेचा पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर आणि तिरका पट्टा खांद्याच्या मध्यावर यावा.

भारतातील तरतुदी

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बाल सुरक्षा आसनाविना गाडीतून नेल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. अशा आसनांसाठी एआयएस-०७२ हे भारतीय प्रमाणक आहे. वाहन उद्योगाची ही प्रमाणके पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था प्रकाशित करते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या मूल्यांकनात गाडीतील मुलांच्या सुरक्षिततेला स्वतंत्र गुण दिले जातात. त्या चाचणीत मुलांच्या प्रतिकृती बाल सुरक्षा आसनात बसवलेल्या असतात. त्यामुळे गाडीला मिळालेल्या या गुणांचा लाभ आसन वापरले तरच मुलाला मिळतो.