पळणारा घोडा आणि छत्तीस बाइट

कंप्युटरच्या पडद्यावर पळणारा तो घोडा आठवतोय का? फाइल उघडायला वेळ लागला की बाणाच्या जागी यायचा आणि जागच्या जागी दौडत राहायचा. कुणाकडे डायनासोर असायचा, कुणाकडे वाजणारा ढोल. २००१ पासून एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले आणि आमच्या लासलगावसारख्या गावात कितीतरी जणांनी माऊस पहिल्यांदा तिथेच हातात धरला. वर्ड-एक्सेल नंतर. आधी प्रत्येकाला घोडा लावायचा असायचा!

आता हा खेळ वाटतो, पण या इवल्याशा चित्राला चांगला मोठा इतिहास आहे. आणि त्यात एक गोष्ट अशी आहे की आमच्या मार्केट यार्डातल्या कुठल्याही माणसाला ती चटकन कळेल.

सुरुवात अमेरिकेत झाली. डग्लस एंगलबर्ट नावाच्या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लोकांसमोर माऊस चालवून दाखवला. तेव्हाचा बाण सरळ उभा होता. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात तो डावीकडे कलला. तेव्हाच्या पडद्यांवर ठिपके कमी असायचे, आणि एक कड सरळ, दुसरी तिरकी असा बाण त्यात स्पष्ट उमटायचा. तो कल आजपर्यंत टिकलाय.

बाणाचं काम एकच, 'तुम्ही इथे आहात' हे सांगणं. पण यंत्र कामात गुंतलं की माणसाला आणखी एक गोष्ट कळायला हवी असते, 'थांबा'. त्यासाठी वाळूचं घड्याळ आलं. मात्र हे घड्याळ हलत नसेल तर कंप्युटर काम करतोय की अडकलाय हे कळणार कसं? ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आलं आणि हलते कर्सर घरोघरी पोचले. (खरं सांगायचं तर घोडा पळतोय म्हणून काम चाललंय असं मुळीच नव्हतं! चित्र हलवणारी यंत्रणा वेगळी आणि काम करणारा प्रोग्राम वेगळा. प्रोग्राम आडवा पडला तरी घोडा आपला पळतोच आहे.. लोडशेडिंगच्या वेळेआधी फाइल सेव्ह करायच्या घाईत असलेल्यांना हे चांगलंच माहीत असेल.)

साध्या कर्सरच्या फाइलचं शेपूट 'सीयूआर', हलत्याचं 'एएनआय'. आत काय असतं? लहान मुलं वहीच्या कोपऱ्यावर चित्रं काढून पानं फरफर उलटतात ना, तेच. एकामागून एक छोटी चित्रं, आणि प्रत्येक चित्र किती वेळ दाखवायचं याचा आकडा. हा वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजतात. कर्सरचा नेमका कुठला ठिपका 'टोक' धरायचा हेही त्यात लिहिलेलं असतं, नाहीतर क्लिक भलतीकडेच पडायचं. हे सगळं ज्या डब्यात भरतात त्याचं नाव रिफ. गाण्यांच्या वेव्ह फाइली आणि एव्हीआय व्हिडिओ याच जातीचे. या डब्यात अनेक कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी असते, 'माझ्यात इतके बाइट आहेत'.

आता मार्केट यार्डात या. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. इथे ट्रॉली लिलावात उभी राहते, व्यापारी वरचा कांदा हातात घेऊन बघतात, बोली होते. मग भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर जाते, माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होतो आणि रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर. गाडी कुणाचीही असो, मामाची असली तरी तोंडी सांगितलेलं वजन पावतीवर चढत नाही. आणि आज काटा झाला म्हणून उद्याची गाडी बिनकाट्याची सुटत नाही.

विंडोजने नेमकं हेच केलं नाही. हलत्या कर्सरची माहिती सांगणारा एक कप्पा असतो, छत्तीस बाइटचा. विंडोज तेवढी जागा मोकळी ठेवायचं, पण माल ओतायचं मात्र चिठ्ठीवर लिहिला असेल तेवढा. चिठ्ठीवर मुद्दाम मोठा आकडा लिहिला की माल शेजारच्या जागेत सांडायचा. आणि त्या शेजारी 'पुढे काय करायचं' हेच लिहून ठेवलेलं असायचं. ते पुसून हल्लेखोर स्वतःचा हुकूम लिहू शकत होता. जानेवारी २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे भोक बुजवलं, पण तपासणी बसवली ती फक्त पहिल्या कप्प्यावर! त्याच फाइलमध्ये तसाच दुसरा कप्पा ठेवला की तो बिनकाट्याचा आत.

अलेक्झांडर सोतिरोव या संशोधकाच्या हे लक्षात आलं आणि डिसेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टला कळवलं गेलं. दुरुस्ती यायच्या आतच मार्च २००७ मध्ये हल्ले सुरू झाले. वेबपानाला स्वतःचा कर्सर दाखवता येतो, त्यामुळे नुसतं पान उघडणं पुरेसं होतं. फाइलच्या नावाला फोटोचं शेपूट लावलं तरी चालायचं. नवंकोरं व्हिस्टाही त्यात सापडलं. शेवटी नेहमीच्या तारखेची वाट न बघता ३ एप्रिल २००७ रोजी दुरुस्ती सोडावी लागली.

मला यात विचार करण्यासारखं हे वाटतं की भोक पडलं ते सगळ्यात निरुपद्रवी वाटणाऱ्या जागी. पासवर्ड, बँक, पत्रं यांच्यावर सगळ्यांची नजर होती. घोड्याकडे कोण बघणार? शोभेची वस्तू म्हणून तिला कुणी काट्यावर चढवलंच नाही. आपल्या घरातही असंच होतं. अनोळखी माणसाला दहा प्रश्न विचारतो, पण 'छान आहे, बघा' म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेलं काहीही क्षणात उघडतो.

असो. म्हणून काही घोडा सोडायला नको. ते भोक कधीच बुजलंय, आणि विंडोजमध्ये आज फिरणारं निळं कडं हीसुद्धा एएनआय फाइलच आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये माऊस उघडा, पॉइंटर्सवर जा, यादीतलं 'बिझी' निवडा, ब्राउज दाबून फाइल दाखवा आणि अप्लाय करा. नको वाटलं तर 'यूज डिफॉल्ट' आहेच. फाइल मात्र ओळखीच्या जागेवरूनच घ्या. आणि कर्सरच्या नावाखाली कुणी 'इन्स्टॉल करा' म्हणालं तर सरळ नाही म्हणा, कारण कर्सरला इन्स्टॉल करावं लागत नाही. ती काही केबींची साधी फाइल असते.

आमच्या काकांना मात्र अजूनही ते वाळूचं घड्याळच हवंय. या रविवारी जाऊन लावून देणार आहे :)