भिंतीवरच्या बेडकाचे कूळ

मुरारमध्ये पावसाळ्यात एखाद्या रात्री न्हाणीघरातला दिवा लावावा, तर चुन्याच्या भिंतीला चिकटून बसलेला सडपातळ, तपकिरी बेडूक दृष्टीस पडतो. मुले भितात, वडीलधारी माणसे केरसुणी शोधतात. पण श्रोतेहो, भारताच्या बहुतेक भागांत आढळणाऱ्या या पाहुण्याचे कूळ ठरविण्यास विद्वानांना जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यातील जनरल हार्डविक याने हिंदी चिताऱ्यांकडून येथील प्राण्यांची असंख्य चित्रे काढून घेतली. त्या चित्रांच्या ग्रंथात लंडनच्या ग्रे याने १८३० साली या बेडकाला ‘हायला मॅक्युलाटा’, म्हणजे ठिपक्यांचा हायला, असे नाव दिले. हायला हा युरोपातील झाडबेडकांचा वंश. दोघांच्याही बोटांच्या टोकांना चिकटणाऱ्या गोल चकत्या असतात. बाह्य साम्य असे पुरेपूर होते.

परंतु साम्य म्हणजे नाते नव्हे. हायलाच्या छातीतील दोन्ही बाजूंच्या कूर्चा एकमेकींवर चढलेल्या असतात. आपल्या बेडकात त्या मध्यावर घट्ट जुळलेल्या असतात. म्हणजे हा भिंतीवरचा बेडूक हायलापेक्षा डबक्यातील साध्या बेडकाला जवळचा! १८८२ साली बूलेंजरने त्याला जावा बेटातील उडत्या बेडकांच्या रॅकोफोरस वंशात बसविले. १९७० मध्ये लिएमने हाडे व स्नायू ताडून पाहिल्यावर त्याचा ‘पॉलिपेडॅटिस’ हा वंश निराळा ठरला.

याच कुलातील सह्याद्रीचे चिमुकले झुडूपबेडूक आणखी विलक्षण आहेत. पॉलिपेडॅटिसची मादी पाण्यावर फेसाचे घरटे करते आणि डिंभ खाली पाण्यात पडतात. या चिमुकल्यांच्या अंड्यांतून थेट पायांची पिल्लेच बाहेर येतात. २०१० साली बिजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा स्वतंत्र वंश मानून त्याला ‘राओर्केस्टिस’ हे नाव दिले. ते बंगळूरचे प्राध्यापक सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ आहे. ज्या ‘करंट सायन्स’मध्ये हे नाव छापले गेले, त्याचे राव हेच पहिले संपादक होते.

रावांनी १९३७ साली दक्षिणेतील अनेक नव्या बेडकांचे वर्णन केले. त्यांचे मूळ नमुने मात्र पुढे हरवले. कोणते वर्णन कोणत्या बेडकाचे, हे ठरविण्यास अभ्यासकांना पुन्हा रानोमाळ हिंडावे लागले. रान तुटले असते, तर तीही वाट बंद झाली असती. नावे बदलतात ती विद्वानांच्या लहरीने नव्हे. ज्याची ओळखच पटलेली नाही, तो नाहीसा झाला तरी कोणास कळणार नाही. तेव्हा पुढच्या पावसाळ्यात केरसुणी उचलण्यापूर्वी त्या पाहुण्याच्या बोटांकडे क्षणभर अवश्य पाहा.