बोर्डीचे अंगण

भिलाईच्या कॅम्प-१ सारख्या वस्तीत ‘आंगनबाड़ी’ अशी पाटी वाचताना हा शब्द मूळचा मराठी, ‘अंगणवाडी’, आहे हे आपणांपैकी कितीकांच्या ध्यानी येत असेल? त्याचे माहेर बोर्डी. महाराष्ट्राच्या किनारपट्टीच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेलगत समुद्रकाठी वसलेले लहानसे गाव. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. भावनगरास गिजुभाई बधेकांच्या सहवासात ताराबाईंनी माँटेसरी पद्धती आत्मसात केली होती. तथापि तिची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ती उणीव आसपासच्या साध्या वस्तूंनी भरून निघाली. खरी अडचण निराळीच होती. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीकडे फिरकेनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. न येणाऱ्या मुलांना दोष देणे सोपे होते. या बायांनी ते केले नाही. पुढे १९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेले. १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले. ताराबाई मात्र १९७३ सालीच निवर्तल्या होत्या.