कृपाण आणि वाघनख : शिवकालीन राजाश्रयाचे दोन श्रोतृवर्ग

‘शिवभारत’कार कवींद्र परमानंद याची समाधी पोलादपुरात आहे. ज्याच्यावरील पोवाडा सर्वतोमुखी झाला, त्या तानाजी मालुसऱ्याचे उमरठ याच तालुक्यात येते. आणि ज्या राजसत्तेशी या दोन्ही परंपरांचे नाते पोचते, तिची राजधानी रायगड शेजारच्या महाड तालुक्यात. भूगोलाने इतके निकट आणलेले हे दोन वाङ्मयप्रकार आपल्या वाङ्मयेतिहासात मात्र वेगवेगळ्या प्रकरणांत राहतात. परमानंद संस्कृत चरित्रकाव्यात जातो, शाहीर लोकवाङ्मयात. राजाश्रयाने काव्य निस्तेज होते आणि लोकाश्रयाने ते सतेज राहते, हे मराठी समीक्षेचे आवडते समीकरण या विभागणीमुळे तपासले जात नाही.

उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जाणारा अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा घेतला, तरी हे समीकरण डळमळते. हा पोवाडा जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला गेला आणि शाहिराला त्याबद्दल बक्षीस मिळाले, असे परंपरा सांगते. म्हणजे ‘लोकांचा’ म्हणून गौरविला जाणारा हा कवीही दरबाराचाच बिदागीदार. परमानंदाचा आश्रय तर उघड आहे. १६६६ साली आग्र्यास तो राजांसमवेत होता, आणि तेथील राजस्थानी पत्रव्यवहारात कवीश्वराला राजांनी हत्ती दिल्याची नोंद येते. तेव्हा फरक आश्रयाच्या असण्या-नसण्यात शोधून उपयोग नाही. एकाच सत्तेने दोन कवींना कोणासमोर उभे केले, हे पाहावयास हवे.

१० नोव्हेंबर १६५९ ची प्रतापगडाची भेट दोघांनीही वर्णिली आहे. पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून गेले की हा गड येतो. शाहिराच्या कथनात बिचवा आहे, वाघनख आहे. लपविलेले शस्त्र, ओळखलेला कावा आणि त्यावर केलेली मात यांत त्याच्या श्रोत्यांचा आनंद साठविलेला आहे. जावळीच्या रानात दिवस काढलेल्या मावळ्याला युक्तीचे वावडे असण्याचे कारण नव्हते. ‘शिवभारता’त वाघनखाला स्थान नाही. तेथे खान कपटाने वार करतो आणि राजा कृपाणाने त्याचा कोठा फोडतो. शस्त्रातील हा बदल केवळ तपशिलाचा मानणाऱ्यांनी परमानंदाच्या काव्याची चौकट पुन्हा वाचावी. कवी काशीस गेला आहे, आणि तेथील पंडित त्याला शिवचरित्र विचारीत आहेत, अशी ती चौकट आहे. पितामह मालोजीपासून आरंभ करून महाभारतासारखी रचना करावी, ही आज्ञा स्वतः राजाने दिल्याचेही काव्यातच सांगितले आहे. सूर्यवंश, विष्णूचा अंश, देव-गो-ब्राह्मणांचे रक्षण ही सारी भाषा धर्मशास्त्र जाणणाऱ्या श्रोत्याची आहे. अशा श्रोत्यापुढे क्षत्रियाने वाघनखे लपवून जाणे शोभले नसते!

पुढे ६ जून १६७४ रोजी रायगडावर जो राज्याभिषेक झाला, त्याचे पौरोहित्य काशीच्याच परंपरेतील गागाभट्टाने केले. काव्याने आधी तयार केलेला युक्तिवाद विधीने सिद्ध केला, असे सरळ कार्यकारण येथे जोडणे धाडसाचे होईल. पण ज्या मान्यतेची सत्तेला गरज होती, ती तलवारीने मिळणारी नव्हती, आणि परमानंद तिच्याच प्राप्तीसाठी लिहीत होता, एवढे निःशंकपणे म्हणता येते. त्याला भाट म्हणून बाजूला सारणे हा आळस आहे. काव्य मात्र बत्तिसाव्या अध्यायात, नऊ श्लोकांनंतर तुटते. राज्याभिषेकापर्यंत ते पोचतच नाही.

नंतरचा प्रवासही बोलका आहे. शाहिरांच्या आणि गोंधळ्यांच्या तोंडी राहिलेले पोवाडे शाळिग्राम व ॲक्वर्थ यांनी १८९१ साली छापले. ‘शिवभारत’ मात्र तंजावरच्या हस्तलिखितांत पडून होते. स. म. दिवेकरांनी ते प्रसिद्ध केले १९२७ साली. तोवर जोतीराव फुल्यांचा पोवाडा येऊन ५८ वर्षे लोटली होती. १८६९ मध्ये फुल्यांनी पोवाड्याचाच घाट निवडला आणि कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगाचा हेतू प्रस्तावनेत नोंदविला. परमानंदाचा सूर्यवंशी नृपती तेथे ‘कुळवाडी-भूषण’ होतो. श्रोता बदलताच नायकाचे कूळ बदलले.

दिवेकरांची आवृत्ती निघाली त्याच १९२७ साली, २० मार्चला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या हजारो माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले; २५ डिसेंबरला तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या शास्त्राची संमती मिळविण्यासाठी परमानंदाची प्रतिभा राबली, त्याचाच अधिकार या गावात नाकारला गेला. १९३० नंतर भीमराव कर्डक आणि त्यांच्या समकालीनांनी उभे केलेले आंबेडकरी जलसे हा विचार गावोगावी नेऊ लागले. सत्यशोधक जलशांचा वारसा त्यांच्यामागे होता, दरबार नव्हता. तरीही त्यांना निराश्रित म्हणून भागत नाही. चळवळीलाही तिच्या शाहिराकडून काही हवे असते, काही नको असते; आणि जलशांच्या संहिता वाचताना, परमानंदाला विचारलेला प्रश्न त्यांनाही तितक्याच कठोरपणे विचारावा लागतो.