खिशांतलें पिस्तूल आणि अडविलेली मोटार

आजचा विषय आपल्या घरापासून पुष्कळ दूरचा आहे. परंतु आपल्यांतील कित्येकांचीं मुलें व नातवंडें अमेरिकेंत मोटारी चालवितात, म्हणून तो अगदींच परका म्हणतां येणार नाहीं. रस्त्यावर पोलिसानें मोटार थांबविली. चालकाच्या खिशांत परवान्याचें पिस्तूल आहे. तें त्यानें आपण होऊन सांगावें, कीं विचारीपर्यंत गप्प बसावें? एवढाच प्रश्न. आपल्याकडे तो बहुधा उठतच नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यापासून शस्त्र बाळगणें ही येथें सरकारच्या मर्जीची गोष्ट झाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा कायदा झाला, त्यांतही शस्त्र घेऊन जाणाऱ्याजवळ पोलिसानें परवाना मागावा व त्यानें तो दाखवावा, एवढें सांगून काम भागलें. अमेरिकेंत मात्र हा प्रश्न दोनशें वर्षांच्या भांडणाच्या पोटांतून आला आहे.

तेथील राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क तींत मान्य केलेला आहे. पण तें उघड बाळगावें कीं झांकून, याविषयीं तींत अक्षर नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पुष्कळांची समजूत अशी कीं, ज्याला शस्त्र हवें त्यानें तें चारचौघांना दिसेल असें कमरेला लावावें. जो लपवितो तो दगलबाज. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनीं १८१३ सालीं लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घातली, ती याच समजुतीनें. केंटकींत ब्लिस नांवाच्या एका गृहस्थाला गुप्ती बाळगल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला. १८२२ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें तो कायदाच राज्याच्या घटनेविरुद्ध ठरविला. तेव्हां १८५० सालीं लोकांनीं राज्याची घटना बदलून घेतली आणि विधिमंडळास बंदीची मोकळीक दिली. एका गुप्तीपासून निघालेला वाद घटनेच्या दुरुस्तीपर्यंत जावा, हें मला नेहमींच मौजेचें वाटत आलें आहे.

पुढें परवान्यांचें युग आलें. न्यूयॉर्कचा प्रसिद्ध सुलिव्हन कायदा १९११ चा. परवाना द्यावा कीं नाहीं हें अनेक ठिकाणीं पोलीस किंवा न्यायाधीश यांच्या विवेकावर सोपविलेलें असे, आणि त्या विवेकाला माणसाच्या कातडीचा रंगही दिसत असे. १९५६ च्या जानेवारींत माँटगमरी शहरीं मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यांत आला. पुढें अहिंसेचा पुरस्कर्ता म्हणून जगास ठाऊक झालेल्या या पुरुषानें त्या वेळीं पिस्तुलाच्या परवान्यासाठीं अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. घरावर बाँब पडला, हें कारणही अधिकाऱ्यांस पुरेसें वाटलें नाहीं!

तोंवर मोटारी घरोघर झाल्या होत्या, आणि सामान्य नागरिकाची व पोलिसाची गांठ पडण्याची मुख्य जागा म्हणजे रस्त्याची कड झाली होती. १९७० सालीं फिलाडेल्फियांत मुदत संपलेल्या नंबरपाटीवरून मिम्स नांवाच्या माणसाची मोटार अडविण्यांत आली. पोलिसानें त्यास खालीं उतरावयास सांगितलें. उतरतांना कोटाखालीं फुगवटा दिसला. चाचपल्यावर भरलेलें रिव्हॉल्व्हर निघालें. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, मोटार रीतसर अडविलेली असेल तर चालकास खालीं उतरविण्याचा पोलिसास अधिकार आहे. कारण बसल्या चालकाजवळ जाणें हेंच त्याच्या जिवावरचें काम असतें. ही भीति खोटी नव्हती. मोटारीकडे चालत जाणाऱ्या शिपायास आंत काय आहे हें ठाऊक नसतें, हें विसरून या विषयावर बोलणें योग्य होणार नाहीं.

मग १९८७ सालीं फ्लोरिडानें ठरविलें कीं, पात्र माणसानें मागितल्यास परवाना दिलाच पाहिजे. आणि एकामागून एक राज्यें त्या वाटेनें गेलीं. लपविलेलें पिस्तूल, जें पूर्वीं दगलबाजाचें लक्षण, तें आतां परवानाधारक सद्गृहस्थाचें झालें. त्याबरोबरच कांहीं राज्यांनीं एक अट घातली: पोलिसानें अडवितांच परवानेवाल्यानें आपण होऊन शस्त्राची वर्दी द्यावी. मिशिगनमध्यें अशी अट आहे, नॉर्थ कॅरोलिनांत आहे. ओहायोनें २००४ च्या कायद्यांत ती घातली. अलास्कानें तर २००३ सालीं परवान्याची गरजच काढून टाकली, पण सांगण्याचें बंधन ठेवलें.

आतां या बंधनाची गंमत पाहा. १९६८ सालीं हेन्स नांवाच्या आरोपीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें धरलें होतें कीं, ज्याला बंदूक बाळगण्याचीच मनाई आहे त्याच्यावर तिची नोंदणी न केल्याचा गुन्हा लादतां येत नाहीं. कारण नोंदणी म्हणजे स्वतःविरुद्ध कबुली, आणि तशी कबुली घटनेप्रमाणें जुलमानें घेतां येत नाहीं. हाच तर्क रस्त्यावर आणला तर चोराला गप्प बसण्याची सवलत, आणि बोलण्याची सक्ति ती ज्याचा परवाना खिशांत आहे त्यालाच! मी शिक्षक असतांना एकदां वर्गांत विचारलें कीं, कोणाच्या दप्तरांत चाकू आहे काय. एका मुलानें उठून सांगितलें, कैऱ्या कापावयास आणला आहे. मीं सर्वांसमक्ष त्याचेंच दप्तर उपसलें, बाकीच्यांचीं तशींच राहिलीं. पुन्हा विचारलें तेव्हां कोणीच उठला नाहीं. चूक माझी होती.

ओहायोंतील कँटन शहरीं २०११ सालीं असेंच कांहीं घडलें, फार मोठ्या प्रमाणावर. अडविलेला चालक परवान्याबद्दल सांगूं पाहत होता आणि पोलीस त्याला पुरें बोलूं देत नव्हता. मागाहून पिस्तूल असल्याचें समजतांच पोलीस संतापला, जिवें मारण्याच्या गोष्टी बोलला, आणि वर चालकावरच वेळेवर न सांगितल्याचा आरोप ठेवण्यांत आला. हें सारें पोलिसांच्याच मोटारींतील कॅमेऱ्यानें टिपलें. आरोप टिकला नाहीं. जून २०२२ मध्यें ओहायोनें परवान्याची सक्ति काढली आणि नियमही बदलला: पोलिसानें विचारलें तर खरें सांगावें, आपण होऊन सांगण्याची जरुरी नाहीं. त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें न्यूयॉर्कची ‘खास कारण दाखवा’ ही जुनी अट रद्द केली. आणि २०२४ अखेर परवान्यावांचून पिस्तूल बाळगूं देणारीं राज्यें २९ झालीं.

ओहायोच्या या दुरुस्तीनें गुंता सुटला असें ज्यांस वाटतें, त्यांनीं तिच्यापूर्वीं सहा वर्षें मिनेसोटा राज्यांत काय झालें तें पाहावें. ६ जुलै २०१६ च्या संध्याकाळीं सेंट पॉलजवळच्या फाल्कन हाइट्स गांवीं फिलांडो कॅस्टील यांची मोटार अडविण्यांत आली. वय ३२, कृष्णवर्णीय, एका शाळेच्या भोजनगृहांत कामाला. मुलांचा आवडता माणूस. मागचा दिवा बिघडल्याचें निमित्त होतें. त्या आधींच्या कांहीं वर्षांत त्यांस किमान ४६ वेळां असें अडविलेलें होतें. शेजारीं मैत्रीण, मागें तिची चार वर्षांची मुलगी. पोलिसानें कागद मागितले. कॅस्टील यांनीं विम्याचा कागद दिला आणि शांतपणें, आदरानें सांगितलें कीं आपल्याजवळ शस्त्र आहे. पोलीस म्हणाला, मग तें काढूं नका. ते म्हणाले, काढीत नाहीं. पुढच्या कांहीं क्षणांत सात गोळ्या सुटल्या. पिस्तूल खिशांतच होतें, आणि त्याचा परवाना त्यांच्याजवळ होता. ते पिस्तूलच काढीत आहेत असें आपणांस वाटलें, असें पोलिसानें न्यायालयांत सांगितलें. जून २०१७ मध्यें पंचांनीं त्यास निर्दोष ठरविलें.

मिनेसोटाचा कायदा त्या दिवशींही असाच होता कीं, परवानेवाल्यानें पोलिसानें विचारल्यासच शस्त्राबद्दल सांगावें. कॅस्टील यांना तसें कोणी विचारलेलें नव्हतें.