डावीकडची सीट

अंगठा मोकळा करा. हँडल मुठीत धरलंत तरी अंगठा बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला राहू द्या. मास्तर हे दुसऱ्यांदा सांगणार नाहीत.

१९४६ साल आहे. दादर टी.टी.जवळच्या गल्लीत, सकाळी सहाच्या सुमारास, तुम्ही एका जुन्या मॉरिसपुढे वाकून उभे आहात. बॅटरी दमलेली आहे, म्हणून नाकाडाखालच्या भोकात हँडल घालून इंजिन फिरवायचं आहे. खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल माघारी फिरतं आणि अंगठा पलीकडून गुंडाळलेला असेल तर तो मोडतो, कधी मनगटही जातं. तुम्ही ओढता. इंजिन खोकतं आणि गप्प होतं. तिसऱ्या खेपेला सगळी गाडी थरथरायला लागते आणि मास्तर डाव्या दारानं आत जाऊन बसतात.

मास्तर मूळचे रत्नागिरीकडचे. लढाईत लष्कराच्या लॉऱ्या चालवून परत आले आणि गिरणीत चिकटण्याऐवजी शिकवायला लागले. गाडी त्यांची नाही, एका डॉक्टरांची आहे. नऊपर्यंत शिकवण्या, नंतर ती डॉक्टरांच्या व्हिजिटांना जाते. शाळेला पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. १९३९ चा मोटार वाहन कायदा अमलात आहे, तेव्हा तुम्हाला परीक्षा द्यावी लागेल आणि हाताच्या खुणा चोख दाखवाव्या लागतील. उजवीकडे वळायचं तर हात सरळ बाहेर, थांबायचं तर कोपरातून वर. एका हातानं खूण आणि दुसऱ्या हातानं अवजड स्टेअरिंग सांभाळताना तुमची तारांबळ उडते. मास्तरांच्या पायाशी पेडल नाही. त्यांच्याकडे फक्त मधला हँडब्रेक आणि आवाज आहे. हातगाडीवाला आडवा आला की त्यांचा उजवा हात आधी खाली जातो आणि आवाज त्याच्यामागून येतो.

(मास्तर, त्यांचा मुलगा आणि नात हे कुणा एका घरातले नव्हेत. मुंबईत गल्लोगल्ली चालत आलेल्या घरगुती मोटार स्कुलांमधून मी ते गोळा केले आहेत. गाड्या, कायदे आणि तारखा मात्र जशाच्या तशा.)

पुढची सतरा वर्षं झटकन ओलांडा. आता जुलै १९६३ आहे आणि पाऊस पडतो आहे.

मास्तरांनी स्वतःची फियाट घेतली आहे. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात जुळवलेली अकराशे, अर्थात सेकंडहँड. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या दांडीला आहे आणि पुढची सीट अखंड बाकासारखी. मास्तरांच्या पायाशी आता दोन लोखंडी पेडलं दिसतात, क्लच आणि ब्रेक. ओळखीच्या वेल्डरकडून सळ्या जोडून ती तुमच्या पेडलांना बांधून घेतली आहेत. तुम्ही क्लच दाबलात की त्यांचंही पेडल आपोआप खाली जातं. तुम्ही किती घाबरलात हे मास्तरांना तळपायातून कळतं, चेहऱ्याकडे बघावं लागत नाही.

खोदादाद सर्कलपाशी ट्राम उभी आहे. रुळांवरून तिरके जा, मास्तर म्हणतात, समांतर गेलात तर चाक रुळात घसरेल. ओल्या रुळांवर टायर सरकतो, तुमच्या पोटात गोळा येतो आणि ब्रेक तुमच्या पायाखाली स्वतःहून खाली जातो. पुढच्या ३१ मार्चला ही ट्राम शेवटची फेरी मारेल, पण आज ती आहे आणि तुमच्या वाटेत आहे.

मागच्या सीटवर कोण आहे ते वळून बघू नका, समोर बघा. मागे मास्तरीणबाई बसल्या आहेत. त्या रोज येत नाहीत, शिकणारी बाई असली की येतात. हिंदू कॉलनीतल्या घरांतून सुनेला गाडी शिकवायची टूम निघाली, पण परक्या पुरुषाशेजारी तिनं तासभर बसायचं कसं, यावर घोडं अडलं होतं. एका सासूबाईंनी पहिले चार दिवस स्वतः मागे बसून पाहिलं. पाचव्या दिवसापासून मास्तरीणबाई बसू लागल्या, मांडीवर मटारची पिशवी घेऊन, शेंगा सोलत. कॉलनीतली निम्मी गिऱ्हाइकं त्यांनी आणली असं मी बेधडक म्हणेन. पगार मात्र त्यांना कधी मिळाला नाही. मोटार स्कूल हा धंदा घराण्यांत का राहिला याची कारणं लोक भांडवलात शोधतात. मला खरं कारण या मागच्या सीटवर दिसतं. लोक आपली लेकसून दुकानावर सोपवत नव्हते, घरावर सोपवत होते.

आता टिळक पूल. चढावर मधोमध मास्तर म्हणतात, थांबा. मागे बेस्टची बस आहे. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, आता क्लच हळूहळू सोडा. अजून. अजून. इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट किंचित वर उचललं, तो हाफ क्लच. इथेच धरून ठेवा आणि हँडब्रेक सोडा. गाडी मागे जात नाही, पुढेही जात नाही. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. तुम्ही ॲक्सिलेटर द्यायला विसरता आणि गाडी गचका खाऊन बंद पडते. मास्तरांच्या दोन्ही पायांनी ती तिथल्या तिथे रोखून धरली आहे. ते मागे वळून बसवाल्याला हात करतात, थांब रे बाबा, आणि तुम्हाला म्हणतात, पुन्हा. मटाराची शेंग फुटल्याचा आवाज येतो.

बाकीचा वेळ शिवाजी पार्काभोवती फेऱ्या आणि पाच बागांच्या वर्तुळात वळणं. ते सोपं आहे. खरी शाळा पुलावर.

सत्तरच्या दशकात फार रेंगाळायला नको. १९७४ पासून त्याच फियाटचं नाव पद्मिनी झालं. गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची असे ते दिवस, त्यामुळे शिकणाऱ्यांतल्या बहुतेकांकडे गाडी नव्हती आणि लवकर येणारही नव्हती. काहींना टॅक्सीचा बॅज हवा होता, काहींना आखाती नोकरी. मास्तरांचा मुलगा आता हाताशी आला होता. कोकणातून आलेला एखादा पोरगा कुवेतला निघाला की मुलगा त्याला एक दिवस मुद्दाम आपल्या डाव्या सीटवर बसवायचा. तिकडे स्टेअरिंग इथे असतं, रस्त्याच्या उजव्या बाजूनं जायचं, बस आणि नुसतं बघ. शिकवणाऱ्याची जागा समुद्रापलीकडे चालवणाऱ्याची जागा होते, ही त्या शाळेतली सर्वांत अजब शिकवणी.

१९८९ मध्ये जरा बैठक मारा, इथे गंमत आहे.

गल्लीत आता गाळा आहे, वर पिवळी पाटी आहे आणि दारात मारुती ८००. पहिली मारुती १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत एका मालकाच्या हाती गेली, साडेसत्तेचाळीस हजारांना. या गाळ्यापर्यंत एक यायला चार वर्षं लागली. फियाटपुढे ती इतकी हलकी वाटते, की जुने विद्यार्थी क्लच सोडताना तिला उडवतात. सगळे मास्तरांच्या मुलाला ‘सर’ म्हणतात. मास्तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर वाचत बसतात.

टेबलावर मात्र गाडीची आतडी मांडली आहेत. १ जुलैपासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आहे आणि त्याबरोबर केंद्रीय नियम. नियम २४ सांगतो, शाळा चालवायची तर परवाना हवा, गाड्यांना दुहेरी नियंत्रण. परवान्याचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. वर साहित्याची यादी. फळा. वाहतूक चिन्हांचा तक्ता. इंजिन-गिअरबॉक्स, ब्रेक शू आणि ड्रम. पंक्चर काढायचं सामान, पाने, जॅक. बाकं, टेबलं. मोटार यंत्रशास्त्राची पुस्तकं. प्रथमोपचार पेटी. सरांनी गिअरबॉक्स भंगारातून आणला, रॉकेलनं धुतला आणि लाल-निळा रंगवला. आता तो अशा थाटात बसला आहे की येणारी मुलं त्याला नमस्कार करतील. तुम्ही त्याचा दांडा हलवून बघता. दात एकमेकांत शिरतात, खट्. चाळीस वर्षं हाफ क्लच शिकवणाऱ्या मास्तरांनी गिअरबॉक्सचं पोट विद्यार्थ्याला असं उघडून कधी दाखवलं नव्हतं. ते पेपर खाली ठेवून चष्म्यातून बघतात आणि म्हणतात, हे आधी असतं तर माझं निम्मं ओरडणं वाचलं असतं.

नियम शिकवणाऱ्यालाही मापतो. दहावी पास, पाच वर्षांचा अनुभव, मोटार मेकॅनिकचा दाखला. सरांकडे आयटीआयचा कागद आहे. मास्तरांकडे लढाईतल्या लॉऱ्या आहेत आणि त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे कुणाला सुचत नाही. नियम वाईट नाही, असं माझं मत. त्याआधी कुणीही स्वतःची गाडी काढून कुणालाही शिकवत सुटत असे. एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष दहा तास गाडी हातात, ही किमान अट तरी झाली. नमुना १४ चं रजिस्टर आलं, नमुना ५ चं प्रमाणपत्र आलं. दहा तास सगळीकडे खरोखर भरले जातात का, हा प्रश्न आरटीओच्या दारात उभा राहून विचारण्यात अर्थ नाही. डाव्या सीटवरच्या माणसाला विचारावा.

कारण तोवर धंद्याचा एक पाय आरटीओत घट्ट रोवला होता. कच्चं लायसन, पक्कं लायसन, फोटो, फॉर्म, रांग. विद्यार्थी पैसे शिकण्याचे देत आणि त्यातला बराचसा वाटा कागद फिरवण्यात जाई. नव्वदच्या दशकात हप्त्यावर गाड्या मिळू लागल्यावर गिऱ्हाइकांची रीघ लागली, आणि चांगली शाळा कोणती हे लोक एकाच गोष्टीवरून ठरवू लागले, टेस्टला पास करून देतात का. मास्तर असते तर रागावले असते. ते त्याआधीच गेले.

आणि आता आज. पहाटेचे सहा वाजून गेले आहेत. तुमच्या डावीकडे सरांची मुलगी आहे, सगळे तिला ताई म्हणतात. मागची सीट रिकामी आहे. कच्चं लायसन तुम्ही घरबसल्या, आधारच्या जोरावर, फोनवर परीक्षा देऊन काढलंत, म्हणजे गाळ्याचं ते उत्पन्न गेलं. पक्क्यासाठी तीस दिवस थांबायचं आहे, तेवढ्यात पूल जमायला हवा.

तुम्ही सहज विचारता, त्या नव्या मान्यताप्राप्त केंद्रांचं काय? २०२१ च्या नियमांनुसार अशा केंद्रात हलक्या वाहनाचे चार आठवड्यांत एकोणतीस तास भरले की आरटीओची चाचणी द्यावी लागत नाही.

“लागत नाही ना,” ताई म्हणते. “सिम्युलेटर हवा, वर्गखोल्या हव्यात, आणि जागा किती? एक एकर.” तिनं हिशेब केलेला दिसतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, गाळा पावणेदोनशेचा. “असे अडीचशे गाळे. दादरला.”

“मग?”

“आत्येभावाची बदलापूरला जमीन आहे. पार्टनरशिप करू म्हणतो. सिम्युलेटरवर चूक केली तर पुन्हा सुरू करता येतं, मुलं घाबरत नाहीत, हेही खरं. पण सकाळी सहाला शिकून आठची लोकल पकडणारी बाई बदलापूरला कशाला येईल?”

पूल आला. तुम्ही न सांगता मधोमध थांबता. मागे रिक्षा नाही, इकडे रिक्षा येत नाहीत, टॅक्सी आहे. तुम्ही ऑटोमॅटिक गाडी घेणार आहात, हाफ क्लच तुम्हाला जन्मात लागणार नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

“घ्या की ऑटोमॅटिक,” ती म्हणते. तिचा उजवा पाय ब्रेकच्या किंचित वर आहे. “ती तुम्ही चार दिवसांत शिकाल. पण मग त्या चार दिवसांचेच पैसे घ्यावे लागतील मला. पहिला टाका.”