गोफणीची झोळी आणि लॅक्रॉसची जाळी



मुंबईहून निघालेली लोकल गाडी ज्या कसाऱ्यास येऊन थांबते, तेथे आगगाडीचा रस्ता १ जानेवारी १८६१ रोजी पोहोचला. पुढचा थळघाट चढून इगतपुरी गाठण्यास मात्र आणखी चार वर्षे लागली. घाटातल्या त्या रुळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या घाटाच्या पायथ्याशी, शहापूर-मुरबाडच्या खाचरांतून आणि डोंगरउतारांवरून, भात, नागली व वरई पिकविणारी जी वस्ती आहे, तिच्या साध्या हत्यारांचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. घाटाखाली काय आणि घाटावर काय, महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या जवळ बाळगलेले असे एक हत्यार म्हणजे गोफण. तिच्याविषयी, आणि सातासमुद्रांपलीकडील तिच्या एका चुलत बहिणीविषयी, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

गोफणीची रचना वरवर पाहता अगदी सोपी. ताग किंवा अंबाडीच्या दोन दोऱ्या आणि त्यांच्यामध्ये विणलेली एक लहानशी झोळी. एका दोरीच्या टोकाचा फास बोटात अडकवावयाचा, दुसरीचे टोक चिमटीत धरावयाचे. झोळीत गुंडा ठेवून गोफण गरगर फिरवावयाची आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडावयाची. पीक दाण्यावर आले, की राखणदार माळ्यावर उभा राहून पाखरांचे थवे असे उठवीत असे. दोरीमुळे जणू माणसाचा हातच लांब होतो, आणि हात लांब झाला म्हणजे वेग वाढतो, हे त्याला कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक होते.

परंतु सारी मेख त्या झोळीत आहे. झोळी फार खोल झाली तर गुंडा तिच्यात अडखळतो, उशिरा सुटतो आणि रोख चुकवितो. फार उथळ झाली तर फिरवितानाच गळून पडतो. म्हणून दोरी बेतावयाची ती फेकणाऱ्याच्या हाताच्या मापाने, आणि झोळी विणावयाची ती गुंड्याच्या मापाने. धरून ठेवणे आणि सोडून देणे या दोन परस्परविरोधी कामांचा मेळ एका वितीएवढ्या विणीत घालावयाचा असतो.

हे कोडे फार जुने आहे. इजिप्तच्या तूतनखामेन राजाचे थडगे १९२२ साली उघडले, तेव्हा त्यात लिननच्या धाग्यांच्या गोफणी निघाल्या. इसवी सनापूर्वी ७०१ मध्ये असुरांनी लाखीश नगराला वेढा घातला. त्या प्रसंगाच्या निनेवे येथील शिल्पपटात गोफणधारी सैनिकांची रांग कोरलेली आहे. भूमध्य समुद्रातील बॅलेआरिक बेटांचे गोफणधारी कार्थेजच्या व पुढे रोमच्या सैन्यात नावाजलेले होते. ते तीन गोफणी जवळ बाळगीत, असे प्राचीन ग्रंथकार सांगतात. लांबच्या माऱ्याला लांब दोरीची आणि जवळच्या माऱ्याला आखूड दोरीची. एकच माप सर्व कामांस पुरत नाही, हे त्यांनीही ओळखले होते.

आता हीच झोळी दोरीऐवजी काठीच्या टोकाला बसविली तर? उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील आदिवासींनी नेमके तेच केले. एकीपासून दुसरी निघाली असे नव्हे. गरज सारखी, म्हणून उत्तरही सारखे. त्यांच्या खेळाला फ्रेंचांनी लॅक्रॉस हे नाव दिले. हौडेनोशोनी लोकांच्या श्रद्धेनुसार हा खेळ विधात्याची देणगी आहे. आजाऱ्याला बरे वाटावे म्हणून ह्यूरन लोक तो खेळवितात, अशी नोंद ब्रेबफ नावाच्या जेझुइट पाद्र्याने १६३६ च्या वृत्तांतात केली आहे. १७६३ च्या जून महिन्यात ओजिब्वे लोकांनी याच खेळाच्या मिषाने मिशिलिमॅकिनॅकचा इंग्रजी किल्ला काबीज केला. चेंडू तटापाशी गेला, त्यामागे खेळाडू धावले, आणि पहारेकरी सावध होण्यापूर्वी किल्ला पडला. १८६७ साली मॉन्ट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी खेळाचे नियम बांधले.

काठी हिकरीच्या लाकडाची. ते वाफेवर मऊ करून वाकवावयाचे. मग चामड्याच्या वाद्या उभ्या ताणून त्यांत आडवी वीण गुंफावयाची आणि मध्ये चेंडूपुरता खळगा ठेवावयाचा. हा खळगा दांड्याजवळ ठेवला तर धावताना चेंडू घट्ट राहतो. टोकाकडे ठेवला तर झटकन सुटतो. टोकाजवळच्या आडव्या दोऱ्या फार आवळल्या तर चेंडू त्यांस अडखळतो आणि जमिनीकडे झेपावतो. गोफणीच्या खोल झोळीचा दोष तो हाच! पुरुषांच्या खेळात तर नियमच आहे, की चेंडूचा माथा काठीच्या कडेखाली बुडता कामा नये. कारण खळगा अतिखोल झाला तर चेंडू हिरावून घेणेच अशक्य व्हावयाचे.

१९६८ साली कॉर्नवॉल बेटावरील लाकडी काठ्यांचा मोठा कारखाना आगीत भस्मसात झाला. १९७० साली प्लॅस्टिकचा सांगाडा बाजारात आला आणि लाकडी काठी मागे पडली. तरी ती मेली नाही. ऑनोंडागा जमातीचे आल्फी जॅक्स बापाबरोबर शिकलेली ही कला २०२३ साली निवर्तेपर्यंत जोपासत राहिले. आणि सांगाडा प्लॅस्टिकचा झाला तरी खळगा ज्याचा त्यालाच बेतावा लागतो. १९०४ व १९०८ च्या ऑलिंपिकात खेळला गेलेला हा खेळ २०२८ साली लॉस एंजेलिस येथे पुन्हा अवतरावयाचा आहे.

त्या काठीला नियम मिळाले, कारागिरांची नावे मिळाली, इतिहास मिळाला. आमच्या गोफणीला यांतले काय मिळाले? तलवार गंजली तरी उरते. अंबाडीची दोरी दोन-चार पावसाळ्यांत कुजून जाते. तिची मापे कागदावर फारशी उतरलेली नाहीत. ती विणणाराच्या बोटांत राहिली आहेत. आपल्यापैकी ज्यांचे नाते अद्याप गावाशी आहे, त्यांनी एवढे करावे. गोफण विणता येणारे एखादे वृद्ध माणूस असेल तर त्याच्यापाशी बसून दोरी किती हात, पदर किती, झोळी किती बोटे खोल, हे लिहून घ्यावे. गोफण भिंतीवर टांगून ठेवता येईल. पण झोळी तेवढीच खोल का, हे सांगणारा माणूस गेला, की ते भिंतीला विचारता येणार नाही.